घरच्या घरी ब्रेसलेट: मणी, दोरा आणि न सुटणारी गाठ

कुसुंबी

ब्रेसलेट घरी करायचं ठरलं की पहिली फेरी मण्यांच्या दुकानात होते. रंग बघून हरखायला होतं, पिशवी भरते, घरी येऊन इलॅस्टिकमध्ये ओवलं की काम फत्ते. मग एक दिवस बसमध्ये नाहीतर थेट बेसिनवर ते तुटतं आणि मणी वेचत बसावं लागतं. माझं मत असं की मणी हा यातला सर्वांत सोपा भाग. माप, दोरा आणि गाठ एवढं सांभाळलं तर साध्या काचेच्या मण्यांचं ब्रेसलेटसुद्धा रोज वापरून टिकतं. मैत्रिणींना शिकवताना तेच तेच प्रश्न येतात, म्हणून इथे एकदाच सविस्तर लिहिते.

आधी माप. मनगटाच्या हाडाच्या जरा खाली कागदाची पट्टी गुंडाळा, खूण करा, पट्टीवर मोजा. आता बहुतेकजण याच मापाची माळ ओवतात आणि ती हातात रुतते. कारण मण्याला जाडी असते. दोरा मण्याच्या मधून जातो, पण कातडीला टेकते ती मण्याची आतली बाजू. म्हणून नियम असा: मनगटाचं माप, अधिक मण्याच्या व्यासाच्या साधारण तिप्पट. मनगट १५ सेंमी असेल आणि मणी ८ मिमीचे असतील तर माळ साडेसतरा सेंमी, म्हणजे २२ मणी. तेच ६ मिमीचे २८ लागतील, ४ मिमीचे ४१ आणि १० मिमीचे १८. हे इलॅस्टिकसाठी. फासा किंवा हुक लावणार असाल तर वर आणखी एक सेंमी धरा, आणि हुकाची लांबी मापातच मोजा.

दुकानात ८ मिमी म्हणून मिळणारे मणी कधी पावणेआठ असतात, कधी सव्वाआठ. दहा मणी रांगेत लावून पट्टीवर मोजले की खरं काय ते कळतं. दगडाच्या मण्यांचा अखंड सर साधारण ३८ ते ४० सेंमीचा येतो. ८ मिमीच्या एका सरात दोन ब्रेसलेट होतात आणि दोनचार मणी उरतात. ते टाकू नका, पुढे दुरुस्तीला लागतात.

आता इलॅस्टिक. दोन प्रकार मिळतात. एक पारदर्शक, गोल, गुळगुळीत. दुसरं बारीक तंतूंचं, पसरट. गुळगुळीत इलॅस्टिक दिसतं छान पण गाठीला बेइमान. तंतूंचं गाठ धरतं. ८ मिमीच्या मण्यांना ०.८ मिमी जाडी पुरते, बारीक मण्यांना अर्धा मिमी. ओवण्याआधी इलॅस्टिक दोन्ही हातांत धरून तीनचार वेळा सावकाश ताणा. नवं इलॅस्टिक वापरात थोडं सैल पडतंच. ते आधी सैल पडू दिलं तर ब्रेसलेट नंतर मण्यांमध्ये दात दाखवत नाही.

ओवताना टेबलावर पंचा किंवा जुना टॉवेल पसरा. मणी घरंगळत नाहीत, रंग मागेपुढे करून बघता येतात.

गाठीचं खालच्या प्रतिसादात लिहिते, इथे फार लांबलं.

रानजाई

वाखूसा (वाचनखूण साठवली)! राखीपौर्णिमेच्या आधी अगदी वेळेवर आलात.

गणितमास्तर

'तिप्पट' कुठून आलं ते सांगतो, नाहीतर लोकांना जादू वाटेल. दोरा मण्यांच्या केंद्रातून जातो. त्या वर्तुळाची त्रिज्या आतल्या वर्तुळापेक्षा अर्ध्या मण्याने जास्त, म्हणजे व्यास एका अख्ख्या मण्याने जास्त. परीघ वाढला पाय (π) गुणिले मण्याचा व्यास, म्हणजे व्यासाच्या ३.१४ पट. मनगट कितीही असो, ही भर तेवढीच राहते. बारा मिमीचे टपोरे मणी घेतले तर पावणेचार सेंमी वाढवावे लागतात, आणि लोक तिथेच फसतात. मनगट वर्तुळ नसून लंबगोल असतं हे मला ठाऊक आहे, हरकती नोंदवू नयेत. हलकेच घ्या.

टोपणनाव_नाही

एक बाळबोध शंका. तुळशीबागेत शंभराच्या आत दोन ब्रेसलेट मिळतात. हा सगळा खटाटोप कशासाठी?

कुसुंबी

@टोपणनाव_नाही, रास्त प्रश्न. शंभरात दोनच हवी असतील तर खुशाल घ्या. पण मनगट फार बारीक किंवा फार जाड असेल, धातूची ॲलर्जी असेल, घरात तुटलेल्या माळांचे मणी पडून असतील, तर बाजारातलं उपयोगाचं नाही. बाजारातलं तुटलं तरी ते पुन्हा ओवता आलं म्हणजे झालं. तेवढ्यासाठी तरी हे शिकावं.

आता गाठ. इलॅस्टिकला आपली नेहमीची निरगाठ पुरत नाही. पहिला वेढा घालताना टोक एकदाच्या ऐवजी दोनदा फिरवायचं आणि सावकाश ओढायचं. मग वरून उलट दिशेने दुसरा वेढा. सर्जन टाके घालताना अशीच गाठ मारतात. पहिला वेढा दुहेरी असल्यामुळे दुसरा घालेपर्यंत तो सुटत नाही. ओढताना चारही टोकं एकदम ताणा, म्हणजे दोन बाहेरची आणि दोन मण्यांकडे जाणारी. गाठ आवळली की इलॅस्टिक किंचित पांढरट दिसतं, तिथे थांबा. टोकं लगेच बुडापासून कापू नका, दोनतीन मिमी ठेवा आणि गाठ शेजारच्या मण्याच्या भोकात ओढून घ्या. यासाठी एक मणी मोठ्या भोकाचा निवडून ठेवलेला असावा, आणि ओवायला सुरुवात त्याच्यापासून करावी.

गोंद लावायचाच तर वाळल्यावर लवचीक राहणारा, बी-७००० सारखा. टाचणीच्या टोकाने एक थेंब. क्षणात चिकटणारे जे गोंद असतात ते वाळून कडक होतात, आणि ताणलं की इलॅस्टिक नेमकं त्या कडक भागाच्या कडेला तुटतं. 'गोंद लावूनही तुटलं' अशी तक्रार येते तेव्हा बहुतेकदा गोंद लावल्यामुळेच तुटलेलं असतं.

निरगाठ

आयडीला जागून विचारतो. गाठ तुम्ही सांगता तशीच मारतो, सुटत नाही. पण माझं ब्रेसलेट गाठीपासून लांब, भलत्याच जागी तुटतं. मणी दगडाचे आहेत. काय असावं?

भटक्या_सातपुडा

@निरगाठ, मण्याची भोकं बघा. दगडाच्या मण्याला दोन्ही बाजूंनी भोक पाडतात आणि कड धारदार राहू शकते. ती धार दर हालचालीला इलॅस्टिक घासते. टूथपिकने नाही कळत. दोऱ्याचा तुकडा आतून ओढून पुढेमागे करा, तंतू निघाले की समजा तोच गुन्हेगार. उपाय दोन. हिऱ्याची पूड लावलेली बारीक कानस मिळते, तिने भोकाची कड पाण्यात बुडवून हलकेच घासायची. पाण्यात अशासाठी की धूळ नाकात जात नाही आणि दगड तापून तडकत नाही. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक दगडाच्या मधे एक बारीक काचेचा मणी टाकायचा. दगडावर दगड घासत नाही आणि वळणावर इलॅस्टिकला कोन येत नाही.

अवांतर: कडक दगडाला भोक पाडणं हा आपल्याकडे फार जुना उद्योग. सिंधू संस्कृतीतल्या लोथल, धोळावीरा, चन्हुदडो इथे मण्यांचे कारखानेच सापडलेत, आणि तिथले लाल अकीकाचे लांबट मणी इराकमधल्या उरच्या राजघराण्याच्या थडग्यांपर्यंत पोचले होते. गुजरातेत खंबातला अकीकाचं काम अजून चालतं. तिथले पारंपरिक कारागीर कमानीने फिरवायच्या ड्रिलच्या टोकाला हिऱ्याच्या कण्या बसवतात. अकीकाचा लाल रंगही बराचसा भट्टीतला, दगड तापवला की त्यातलं लोह लाल होतं. आपल्याकडे धाराशिवजवळ तेरला गेलात तर लामतुरे संग्रहालय चुकवू नका. तगर म्हणून रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक असलेलं हे गाव. तिथल्या जुन्या मण्यांची भोकं बघताना मला तरी मूर्तींपेक्षा जास्त मजा आली.

निरगाठ

दोरा ओढून बघितला. तीन मणी दोषी सापडले, बाजूला काढले. धन्यवाद!

इंद्रायणीकाठ

मंगळसूत्र ब्रेसलेट घरी करता येईल का? काळे मणी आहेत, दोन सोन्याच्या वाट्याही आहेत, जुन्या मंगळसूत्रातल्या. ऑफिसात लांब मंगळसूत्र घालणं होत नाही. इलॅस्टिकमध्ये सोनं ओवायला मन धजत नाही.

कुसुंबी

@इंद्रायणीकाठ, मन बरोबर सांगतंय. सोन्याला इलॅस्टिक नको. दोन मार्ग आहेत. एक, आपल्या पटवेकऱ्याकडून गाठवून घ्यायचं. पुण्यात तुळशीबागेच्या आसपास मंगळसूत्र गाठवून देणारे बसतात, समोर बसून देतात आणि त्यांचा हात आपल्यापेक्षा लाखपटीने चांगला असतो. सोनं जास्त असेल तर मी हेच सांगेन.

घरीच करायचं असेल तर गिअर वायर घ्या. स्टीलच्या बारीक तारा पिळून वर नायलॉनचं आवरण दिलेलं असतं. त्यात ७, १९ आणि ४९ तारांची असे प्रकार येतात. जितक्या जास्त तारा तितकी ती मऊ पडते. ७ तारांची दुमडली की कायमची मोडते, रोजच्या वापराला ४९ तारांची बरी. काळ्या मण्यांचं भोक बारीक असतं, म्हणून जाडी ०.३ ते ०.४ मिमीच्या दरम्यान घ्या, आणि विकत घेताना दुकानातच एक मणी ओवून बघा.

या तारेला गाठ मारत नाहीत, क्रिंप लावतात. म्हणजे मऊ धातूचा बारीक नळीसारखा मणी. तार क्रिंपमधून घाला, मग फाशाच्या कडीतून, मग परत त्याच क्रिंपमधून. क्रिंप कडीजवळ आणा पण अगदी चिकटवू नका, कडी मोकळी हलली पाहिजे. आतल्या दोन्ही तारा एकमेकींवर चढलेल्या नाहीत, शेजारी शेजारी आहेत, हे बघून पकडीने दाबा. उरलेलं टोक दोनतीन सेंमी मण्यांमधून परत न्या आणि मग कापा. टोक बाहेर राहिलं तर पदराला ओढेल. दुसऱ्या बाजूला हेच, फक्त शेवटचा क्रिंप दाबण्याआधी माळ गोल करून मनगटावर ठेवा. माळ सरळ असताना मणी घट्ट भरले तर गोल केल्यावर ती ताठते आणि मण्यांच्या दाबाने क्रिंप निसटतो. दोनेक मिमी मोकळीक ठेवा.

फासा मळसूत्री नको. एका हाताने तो लावता येत नाही, आणि मनगटाच्या हालचालीने उलगडत जातो. लॉबस्टर हुक (नांगीसारखा, खटका दाबून उघडणारा) घ्या, शक्य तर चांदीचा.

कोथरूडची काकू

कुसुंबी, छान लिहितेस गं. एक भर घालते. मोत्यांना गिअर वायर नको. मोती रेशमावरच गाठवायचे, आणि दर दोन मोत्यांच्या मधे गाठ. तन्मणी, मोत्यांची कुडी हे सगळं बघत आम्ही वाढलो, माझ्या सासूबाईंचे बसरा मोती होते. गाठीमुळे मोत्यावर मोती घासत नाही, आणि दोरा तुटलाच तर एकच मोती पडतो, बाकीचे जागेवर राहतात.

गाठ मोत्याला चिकटून यायला हवी, हेच कठीण. सैल गाठ घ्यायची, तिच्यात जाड सुई घालायची, सुईने गाठ ढकलत मोत्यापर्यंत न्यायची आणि अंगठ्याच्या नखाने दाबून सुई काढून घ्यायची. ओवायला वेगळी सुई लागते, बारीक तारेची, तिचं नेढं दाबलं की मिटतं. मोत्याचं भोक केसाएवढं असतं. रेशीम आधी ओलं करून वजन लावून रात्रभर टांगून ठेवलं तर नंतर सैल पडत नाही.

आणि मोती म्हणजे शेवटी चुन्याचाच भाऊ, कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, व्हिनेगर, अत्तर, घाम, सगळं त्याला बाधतं. तयारी सगळी झाली की शेवटी मोती घालायचे, आणि घरी आल्यावर पहिल्यांदा उतरवून मऊ फडक्याने पुसायचे. खरे की खोटे ते दातावर हलकेच घासून बघा. खरा किंचित खरखरीत लागतो, खोटा गुळगुळीत. कल्चर्डही खरखरीतच लागतो बरं, तोही खराच मोती.

रानजाई

काकू, दातावर घासून बघायचं दुकानदारासमोर कसं जमवायचं? :)

कोथरूडची काकू

अगं, बिनदिक्कत. तोच आधी घासून दाखवतो. नाही दाखवलं तर दुकान बदल.

म्युनिकची मावशी

मला धातू चालत नाही, मनगटावर लाल चट्टे उठतात, खाज येते. यातलं काय करता येईल?

कुसुंबी

@म्युनिकची मावशी, बहुतेक निकेल. स्वस्त हुक आणि कड्यांवरच्या चकचकीत मुलाम्याखाली ते असतं, घामात सुटतं. तुम्ही जर्मनीत आहात तर एक सोय आहे. युरोपियन युनियनमध्ये कातडीला लागून राहणाऱ्या वस्तूंमधून दर आठवड्याला दर चौरस सेंमीमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये असा नियम आहे. त्यामुळे भारतातून सुटे हुक मागवण्यापेक्षा तिकडच्या दुकानातून घ्या. बाकी सगळे ३१६एल स्टील किंवा ९२.५ ची चांदी वापरू शकतात. कडीला नेलपॉलिश लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. ते थोडे दिवस चालतं, कडीला कडी घासली की निघून जातं.

खरं तर तुमच्यासाठी धातूच नको. सरकती गाठ शिका. माळेची दोन्ही टोकं एकमेकांवरून उलट दिशांना ठेवायची आणि त्यांच्यावर वेगळ्या दोरीच्या तुकड्याने चौकोनी गाठी मारायच्या. डावी दोरी वरून, उजवी खालून, मग उलट. अशा सातआठ गाठी झाल्या की टोकं ओढून ब्रेसलेट लहान करता येतं, माळ ताणून मोठं. एक मिमीची मेणाची नाहीतर नायलॉनची दोरी, गाठींसाठी २५ सेंमीचा तुकडा पुरे. गाठी फार आवळल्या तर सरकत नाहीत, सैल ठेवल्या तर आपोआप सरकतात. दोनचार गाठी झाल्या की ओढून बघत जायचं. नायलॉनची टोकं लायटरने वितळवून चिकटवता येतात. सुती दोरी वितळत नाही, जळते. तिला गोंद.

याचा आणखी फायदा असा की भेट द्यायची असेल तर समोरच्याचं मनगट मोजावं लागत नाही.

गोफवाला

मण्यांशिवायचं कुणी बोलत नाहीये म्हणून रुमाल टाकतो. आठ पदरी गोफ. आपल्याकडे रेशमाचे गोफ, करदोडे पिढ्यानपिढ्या विणले जातात, जपानी लोक तेच कुमिहिमो म्हणून करतात आणि त्याची त्यांनी एक झकास सोपी चकती काढली आहे. ती घरी होते.

जाड पुठ्ठ्याची तळहाताएवढी चकती, मध्ये करंगळी जाईल एवढं भोक, कडेला सारख्या अंतरावर ३२ खाचा. आठ दोरे एकत्र गाठ मारून गाठ भोकातून खाली सोडायची. दोरे दोन-दोन करून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे खाचांत अडकवायचे. चारही दिशांच्या जोड्या समोरासमोर आल्या पाहिजेत. आता वरच्या जोडीतला उजवा दोरा खाली आणायचा, खालच्या जोडीच्या उजव्या बाजूच्या खाचेत. मग खालच्या जोडीतला डावा दोरा वर न्यायचा, वरच्या दोऱ्याच्या डाव्या बाजूला. चकती पाव फेरा फिरवायची, पुन्हा तेच. बस्स. बघता बघता भोकातून गोल, पीळदार गोफ खाली उतरायला लागतो. फिरवायची दिशा बदलायची नाही, ज्या बाजूने सुरुवात केली तिकडेच.

मधे उठावं लागलं तर पहिला दोरा खाली आणून तिथेच थांबा. एका बाजूला तीन दोरे दिसले की परत आल्यावर कुठून सुरू करायचं ते विचारावं लागत नाही.

दोरे तयार लांबीच्या तिप्पट घ्या. १८ सेंमीच्या गोफाला ५५ ते ६० सेंमी. भरतकामाचा सहा पदरी दोरा मस्त चालतो, एका लडीत ८ मीटर असतो. दोन लड्यांत दोन रंगांचा गोफ होतो आणि वर भरपूर उरतं. चार दोरे एका रंगाचे आणि चार दुसऱ्या रंगाचे घेतले तर सुरुवातीला ते कसे लावले त्यावर नक्षी ठरते. जोड्या एकाच रंगाच्या लावल्या की वेगळी, आलटून पालटून लावल्या की वेगळी. करून बघा, सांगत नाही.

रानजाई

हे मुलांना द्यायला फार छान आहे! माझी आठ वर्षांची लेक आजच बसवते चकतीवर. राखीलाही चालेल, मधे एक मोठा मणी टाकला तर.

गोफवाला

चालेल की. गोफ अर्धा झाला की मणी दोन दोऱ्यांत ओवून मधे आणायचा आणि पुढे विणत जायचं. राखीला बांधायचे दोरे लागतात, त्यामुळे दोन्ही टोकांना दहा सेंमी न विणता सोडा.

टोरांटोकर

मुलांचा विषय निघालाय म्हणून. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर मणी ओवण्याचं काम ते झोपल्यावर. आणि चुंबकाचे हुक त्या घरात आणूच नका. हे बारीक चुंबक फार ताकदीचे असतात. मुलाने दोन गिळले तर आतड्याच्या दोन वळणांतून एकमेकांना खेचतात आणि मधला भाग चिमटला जाऊन आतड्याला भोक पडू शकतं. एक गिळला असं वाटलं तरी दवाखाना, थांबून बघायचं नाही. पेसमेकर बसवलेल्या आजी-आजोबांनाही चुंबकाचं ब्रेसलेट भेट देऊ नये.

इंद्रायणीकाठ

याच्याशी जोडून विचारते. भाचीच्या बारशाला मनगट्या करायच्या आहेत. आमच्याकडे आजोळहून जातात, काळे मणी आणि मधे सोन्याचे. घरी कराव्यात का?

कोथरूडची काकू

मनगट्या हौसेने कर, पण इलॅस्टिक मुळीच नाही. बाळाच्या मनगटाला वळ्या असतात, इलॅस्टिक त्यांत रुतून बसतं आणि कळतही नाही. मजबूत दोऱ्यावर ओवायच्या, प्रत्येक मण्यानंतर गाठ, म्हणजे तुटलं तरी मणी सुटून तोंडात जात नाहीत. आणि बाळ झोपलं की काढून ठेवायच्या. फोटोपुरतं घाल, पूजेपुरतं घाल. आमच्या वेळी चोवीस तास घालत, पण त्या वेळी बाळ चोवीस तास कुणा ना कुणाच्या मांडीवरही असे.

टोपणनाव_नाही

काकूंना +१. बरं, मी खटाटोप म्हणालो होतो, पण आज रविवार पेठेतून एक सर घेऊन आलो. दुकानदार फिरोजा म्हणाला, निळसर, काळ्या रेघांचा. स्वस्तात मिळाला म्हणून शंका येतेय.

भटक्या_सातपुडा

स्वस्त फिरोजा म्हणजे बहुतेक रंगवलेला हाउलाइट. मूळचा पांढरा दगड, करड्या रेघांचा, रंग छान पितो. नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन एखाद्या लपलेल्या मण्यावर घासा. कापूस निळा झाला तर खात्री. नाही झाला म्हणजे खराच असं मात्र नाही, काही रंग पक्के असतात. मण्याच्या भोकात डोकावलं तर कधी कधी आतून पांढरा दिसतो. पण दिसायला आवडला असेल तर वाईट काहीच नाही, हाउलाइटचं ब्रेसलेटही सुंदर होतं. फिरोजाचे पैसे मोजले नाहीत ना, मग झालं. चकाकणाऱ्या तपकिरी 'सनस्टोन'चंही तसंच. ज्यात सारख्या, टाचणीच्या टोकाएवढ्या टिकल्या चमचमतात ती बहुधा काच असते, तांब्याचे कण घातलेली.

टोपणनाव_नाही

कापूस निळा! ठीक आहे, हाउलाइट तर हाउलाइट. मनगट १७, मणी ८ मिमी. साडेएकोणीस सेंमी, म्हणजे २४ मणी?

गणितमास्तर

२४ आणि थोडं. इलॅस्टिक असेल तर २४ पुरे. शिष्य तयार झाला.

रानजाई

विकायचा विचार कुणी केलाय का? सोसायटीच्या दिवाळी प्रदर्शनात टेबल मिळतंय. किंमत कशी लावतात?

कुसुंबी

साहित्याचा खर्च गुणिले तीन असा एक ढोबळ हिशेब चालतो, पण तो गोफाला आणि मोत्यांना लागू होत नाही. गोफात साहित्य जवळजवळ फुकट आणि वेळ संध्याकाळभर. तिथे तासाचे पैसे लावा, नाहीतर करू नका. प्रदर्शनात माझा अनुभव असा की लोक 'हे मीच करू शकते' म्हणून ठेवून देतात. त्यांना ठेवू द्या. ज्यांना मनगटाप्रमाणे तिथल्या तिथे करून हवं असतं ती गिऱ्हाइकं टिकतात. पट्टी, पकड, कटर आणि इलॅस्टिक टेबलावर ठेवा, समोर ओवून द्या. आणि तुटलं तर एकदा फुकट ओवून देईन असं सांगा. इलॅस्टिकचं ब्रेसलेट रोज घातलं तर वर्षा-दीड वर्षाने नव्याने ओवावंच लागतं, हे आधीच सांगितलेलं बरं. घालताना ताणून चढवण्याऐवजी बोटांवरून लोळवत नेलं तर जरा जास्त टिकतं.

कड्या उघडायचं राहिलंच. कडीची दोन टोकं बाजूला फाकवायची नाहीत, गोलपणा जातो आणि मिटत नाही. दोन पकडींत धरून एक टोक आपल्याकडे आणि एक पलीकडे पिळायचं. मिटवताना उलट. दोन टोकं एकमेकांवर टिक असा आवाज करून बसली की कडी मिटली.

विदर्भवासी

धागा वर काढतोय. वडिलांसाठी पंचमुखी रुद्राक्षाचं ब्रेसलेट करायचं आहे. त्यांचं मनगट १८ सेंमी, रुद्राक्ष १० मिमीचे. मास्तरांच्या हिशेबाने २१ सेंमी, २१ मणी. बरोबर ना? आणि त्याला साबण चालतो का?

गणितमास्तर

हिशेब बरोबर आहे, पण माझ्या सूत्रात मणी गुळगुळीत आहेत असं गृहीत होतं. रुद्राक्षाचं कुसुंबीताई सांगतील.

कुसुंबी

@विदर्भवासी, रुद्राक्षाला खाचा असतात, शेजारचे दोन एकमेकांत थोडे रुतून बसतात. त्यामुळे २१ मण्यांची माळ २१ सेंमीपेक्षा जराशी कमी भरते. शिवाय सगळे रुद्राक्ष एका मापाचे कधीच नसतात. २३ आणा, ओवून मनगटाला लावून बघा, जास्तीचे काढा. मधे बारीक चांदीचे किंवा लाकडाचे मणी टाकलेत तर खाचा अडकत नाहीत, पण मग मणी कमी लागतील, हिशेब पुन्हा मास्तरांकडे.

साबण नको, खाचांत बसतो आणि निघत नाही. मऊ ब्रश कोरडाच फिरवा, वर्षातून दोनतीनदा तेलाचं बोट लावा आणि पुसून टाका. तेलाने इलॅस्टिक खराब होतं, म्हणून रुद्राक्षाला जाड सुती दोरा आणि सरकती गाठ. वडिलांना एका हाताने काढता-घालता यायला हवं असेल तर दोरी वीस सेंमी जास्त घ्या.